एंझाइमांचे कार्य व नियंत्रण

एंझाइमे : सजीव कोशिकांमध्ये (पेशींमध्ये) तयार होणाऱ्या, रासायनिक विक्रियांचा वेग वाढविणाऱ्या व विक्रियेअखेर मूळ रूपात शिल्लक राहणाऱ्या जैव उत्प्रेरकांना ‘एंझाइमे’ म्हणतात. बहुतेक एंझाइमे प्रथिनरूप असतात. मात्र काही रिबोन्यूक्लिइक अम्लेही उत्प्रेरक असल्याचे १९८२ मध्ये आढळले. एडुआर्ट बूखनर यांनी १८९७ मध्ये यीस्टच्या कोशिकाविरहित रसाने साखरेचे किण्वन (आंबण्याची क्रिया) घडवून आणले, तर जेम्स समनर यांनी १९२६ मध्ये यूरिएज हे एंझाइम स्फटिकरूपात मिळविले.

कार्यपद्धती : कोणतीही विक्रिया सुरू होण्यास काही किमान ऊर्जा लागते. एंझाइम ही ऊर्जेची गरज कमी करते. विक्रियेचा अंतिम समतोल मात्र बदलत नाही. ज्या पदार्थावर क्रिया व्हावयाची तो क्रियाधार एंझाइमाच्या पृष्ठावरील क्रियाशील स्थानी तात्पुरता बद्ध होतो. एमील फिशर यांनी १८९४ मध्ये या संबंधास कुलूप व किल्ली यांची उपमा दिली. क्रियाधार जवळ येताच क्रियाशील स्थानाचा आकारही बदलतो, असे डॅनियल कोशलंड यांनी १९५८ मध्ये सुचविले. क्रियाधाराची संहती (प्रमाण) वाढविल्यास वेग वाढतो. परंतु सर्व क्रियाशील स्थाने व्यापली गेल्यावर तो स्थिरावतो.

नीरेचे उदाहरण : पालघर जिल्ह्यातील केळवे-माहीम ते डहाणू या किनारपट्टीत ताड, माड व शिंदी या वृक्षांपासून गोड रस काढतात. ताज्या रसातील (नीरेतील) मुख्य शर्करा सुक्रोज होय. यीस्टमधील इन्व्हर्टेज एंझाइम तिचे ग्लुकोज व फ्रुक्टोज यांत विभाजन करते. त्यानंतर एंझाइमांच्या मालिकेने अल्कोहॉल व कार्बन डाय-ऑक्साइड तयार होऊन नीरेची ताडी बनते. पुढे ॲसिटिक अम्ल निर्माण करणारे सूक्ष्मजंतू तिचा शिर्का करतात. मडक्यास आतून चुना लावल्यास रस अल्कधर्मी होतो. त्यामुळे सूक्ष्मजीवांची वाढ व त्यांच्या एंझाइमांचे कार्य मंदावते. नीरा सूर्योदयापूर्वी उतरविण्यामागेही हेच कारण आहे. तापमान वाढताच किण्वनाचा वेग वाढतो. उकळल्यास एंझाइमांची त्रिमितीय रचना मोडून ती निष्क्रिय होतात. [⟶ किण्वन].

कोशिकेतील नियंत्रण : कोशिका एंझाइमांचे कार्य गरजेनुसार कमीअधिक करते. मालिकेतील अंतिम पदार्थ पुरेसा साठला की तो आरंभीच्या एंझाइमास रोखतो. यास ‘प्रत्याभरण निरोध’ म्हणतात. असा पदार्थ बहुधा क्रियाशील स्थानाहून निराळ्या ठिकाणी बद्ध होऊन एंझाइमाचा आकार बदलतो. उदा., यीस्टला भरपूर ऑक्सिजन मिळाल्यास थोड्या साखरेपासून पुष्कळ एटीपी (ऊर्जावाहक रेणू) मिळतो. तो फॉस्फोफ्रुक्टोकायनेज या एंझाइमास रोखतो व साखरेचा वापर घटतो. काही एंझाइमे फॉस्फेट गट जोडून किंवा काढून चालू-बंद केली जातात. एंझाइमाच्या निर्मितीवरही नियंत्रण असते; ग्लुकोज विपुल असताना यीस्ट इन्व्हर्टेजची निर्मिती कमी करते.

पाचक एंझाइमे व निरोधके : प्रथिनांचे पचन करणारे ट्रिप्सिन स्वादुपिंडात तयार होते, ते ट्रिप्सिनोजेन या निष्क्रिय रूपात. लहान आतड्यात पोहोचल्यावरच ते क्रियाशील होते. अन्यथा ग्रंथीच्याच ऊतकाचे पचन होऊ लागेल. स्वादुपिंडाच्या तीव्र शोथात (दाहयुक्त सुजेत) नेमके हेच घडते.

वाल, सोयाबीन इ. कडधान्यांत ट्रिप्सिनच्या क्रियाशील स्थानी घट्ट बद्ध होणारी प्रथिने असतात. त्यांस ‘ट्रिप्सिन-निरोधके’ म्हणतात. कच्च्या कडधान्यांतील प्रथिनांचे पचन त्यांमुळे अपुरे होते. प्रयोगातील उंदरांची वाढ खुंटते व स्वादुपिंड मोठे होते. केंब्रिज येथे वनस्पतींतील सायटोक्रोम-सी वर संशोधन करून १९३९ मध्ये पीएच्.डी. मिळविलेल्या कमला सोहोनी यांनी पुढे मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये कडधान्यांतील ही निरोधके व नीरेचे पोषणमूल्य यांवर कार्य केले. कडधान्य भिजवून मोड आणल्याने निरोधकांचे प्रमाण काहीसे घटते; परंतु ती बव्हंशी नष्ट होतात ती पाण्यात नीट शिजविल्यानेच. ज्या कुटुंबांत प्रथिनांची भिस्त मुख्यतः डाळी-कडधान्यांवर असते तेथे या साध्या कृतीचे पोषणाच्या दृष्टीने मोठे महत्त्व आहे.