ओला कचरा कुजतो, मग बिघडलं कुठे?

‘ओला कचरा आहे, कुजून मातीच होणार,’ हे आपण इतक्या सहज म्हणतो की ते तपासून पाहावं असं कुणाला वाटत नाही. प्लास्टिक टाकताना आता जरा तरी हात अडखळतो. उरलेला वरणभात टाकताना वाईट वाटतं ते अन्नाचा अपमान झाला म्हणून. हवापाण्याचं काही बिघडलं, असं मनातही येत नाही.

कुजतो हे खरं, पण कुठे आणि कसा, त्यावर सगळं आहे. कालचा भात, आमटी, चहाचा चोथा, आंब्याच्या साली असं सगळं कॅरीबॅगेत भरून गाठ मारली आणि ती पिशवी डम्पिंग ग्राउंडवर पोचली, की दुसऱ्या दिवशीचा कचरा तिच्यावर पडतो, त्यावरून बुलडोझर फिरतो. आत हवा जात नाही. मग हवेशिवाय जगणारे जिवाणू कामाला लागतात आणि मिथेन तयार होतो. वीस वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीपटीहून जास्त उष्णता धरून ठेवतो. शिवाय तो पेटतो, आणि कचऱ्याच्या ढिगात खोलवर धुमसणारी आग विझता विझत नाही. मुंबईचं देवनार डम्पिंग ग्राउंड १९२७ पासूनचं. जानेवारी २०१६ च्या अखेरीस तिथे लागलेल्या आगीचा धूर नासाच्या उपग्रहचित्रात दिसत होता, शाळा बंद ठेवाव्या लागल्या होत्या. तोच भात परसातल्या खड्ड्यात पालापाचोळ्यात मिसळून अधूनमधून खालीवर केला, तर हवा खेळती राहते आणि मिथेन फारसा होत नाही.

‘आम्ही कंपोस्ट करतो, आमच्याकडे अन्न वाया जात नाही,’ असं सांगणारी मंडळी इथे खूश होतील. कंपोस्ट जरूर करा. पण त्याने कचऱ्याचा प्रश्न सुटतो, अन्नाचा नाही. अन्नाला पर्यावरणाची जी किंमत मोजायची, ती ते बादलीत पडण्याच्या खूप आधी मोजून झालेली असते. एक किलो साळ पिकवायला पावसाचं आणि पाटाचं धरून सरासरी अडीच हजार लीटर पाणी लागतं. ताटात टाकलेली भाताची छोटी मूद म्हणजे साधारण चाळीस ग्रॅम तांदूळ, म्हणजे निदान शंभर लीटर पाणी. त्यात खाचरात साचलेल्या पाण्याखाली तयार झालेला मिथेन, युरिया बनवताना वापरलेला नैसर्गिक वायू, पंपाची वीज, गिरणी आणि शेवटी तुमच्या कुकरखालचा गॅस. एवढा खर्च करून हाती काय, तर मूठभर खत.

त्यापेक्षा बायोगॅस बरा. बायोगॅस म्हटला की गोठाभर शेण हवं, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलं आहे. पण शेण म्हणजे गायीने आधीच पचवलेला चारा, त्यातली बरीचशी ऊर्जा तिनेच वापरलेली असते. खरकट्यात ती शाबूत असते, म्हणून किलोमागे गॅसही पुष्कळ जास्त मिळतो. शेण लागतं ते सुरुवातीला, विरजणापुरतं. पुण्याच्या ‘आरती’ संस्थेने डॉ. आनंद कर्वे यांच्या पुढाकाराने हे तत्त्व घरगुती संयंत्रात उतरवलं आणि त्यासाठी संस्थेला २००६ मध्ये ॲश्डेन पुरस्कार मिळाला. डॉ. शरद काळे यांच्या कामातून आलेलं भाभा अणुसंशोधन केंद्राचं ‘निसर्गऋण’ संयंत्र त्याच वाटेवरचं, फक्त मोठ्या प्रमाणावर चालणारं.

लांबून आलेलं अन्न तेवढं घातक, हा आणखी एक लाडका समज. जगभराचा हिशेब धरला तर अन्नामुळे होणाऱ्या उत्सर्जनात वाहतुकीचा वाटा सहा टक्क्यांच्या आसपास आहे. विमानाने आणलेली फळं हा अपवाद. नाशिकची भाजी पुण्यात खाल्ली म्हणून फारसं बिघडत नाही. ती फ्रिजच्या तळच्या कप्प्यात सडली तर बिघडतं.

आणि हे सगळे श्रीमंत देशांचे नखरे, आपण कुठे अन्न टाकतो? संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार दुकानं, हॉटेलं आणि घरं मिळून २०२२ मध्ये जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं ६० टक्के घरांमधून. श्रीमंत आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतल्या घरगुती नासाडीत माणशी वर्षाला सरासरी जेमतेम सात किलोंचा फरक आहे. भारताचा अंदाज माणशी ५५ किलो, अमेरिकेचा ७३. या आकड्यांत केळ्याच्या साली आणि हाडंही धरलेली आहेत, त्यामुळे लगेच ऊर बडवायला नको. पण हात झटकायलाही जागा नाही.

‘आम्ही टाकत नाही, गायीला घालतो.’ इथे पाप-पुण्याचा मामला असल्याने बोलणं अवघड. तरी गावात लग्न किंवा सप्ताह उरकल्यावर गुरांच्या डॉक्टरांना विचारून पाहा. उरलेला भात, पोळ्या, बुंदी असं टोपलंभर गायीपुढे ओतलं जातं. तिच्या कोटीपोटातले जिवाणू चाऱ्याला सरावलेले असतात. एकदम एवढा स्टार्च आणि साखर मिळाली की लॅक्टिक आम्ल भराभर वाढतं, जनावर रवंथ करणं सोडतं, बसून राहतं आणि वेळेवर उपचार झाले नाहीत तर दगावतं. शहरातल्या गायीला हेच अन्न पिशवीसकट मिळतं आणि पिशवी पोटातच राहते. घालायचंच तर पिशवीतून काढून, मूठभर घाला.

शिळं ते वाईट म्हणून चांगल्या पोळ्या टाकणारी घरं आहेत, तशी फोडणी दिली की काहीही चालतं म्हणणारीही आहेत. पोळीच्या बाबतीत पहिली चुकतात, भाताच्या बाबतीत दुसरी. तांदळातल्या बॅसिलस सीरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही टिकतात. भात रात्रभर ओट्यावर राहिला तर जिवाणू वाढून विष तयार करू शकतात आणि ते फोडणीच्या कढईत नष्ट होत नाही. सकाळी फोडणीचा भात करायचा असेल तर रात्रीचा उरलेला भात तासा-दोन तासांत पसरट डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवा. पोळीचा कुस्करा मात्र खुशाल करा.

पाकिटावरची ‘बेस्ट बिफोर’ची तारीख दर्जाची असते, ‘एक्स्पायरी’ किंवा ‘यूज बाय’ची सुरक्षिततेची. पहिली उलटली म्हणून पोह्यांचं न फोडलेलं पाकीट टाकायचं कारण नाही. दुसरीशी घासाघीस करू नका.

राहता राहिलं लग्न. ताट भरून घेऊन टाकणाऱ्या पाहुण्यांवर सगळे घसरतात. पण पाहुण्याच्या हातात त्याचं एक ताट असतं. पाचशे पानं सांगायची की सातशे, हे यजमान ठरवतो आणि कमी पडलं तर नाव जाईल या धास्तीने वाढवूनच सांगतो. मला विचाराल तर ‘अन्न टाकू नका’च्या पाट्या लावण्यापेक्षा हा आकडा खरा सांगणं जास्त कामाचं. यंदा घरी कार्य असेल तर पत्रिकेबरोबर कोण नक्की येणार हेही विचारून ठेवा, केटररला खरी पानं सांगा, आणि उरलेलं अन्न ताजं असतानाच घेऊन जाणारी संस्था आदल्या दिवशीच ठरवून ठेवा.