सावळ्या चिखलात रुतला!

दिवाळीत बाळकुमला बहिणीकडे गेलो की माझा पहिला मुक्काम अंगणातल्या किल्ल्यापाशी. गावाभोवती आता उंच इमारती उठल्या, भिवंडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर गाड्यांची रीघ लागली. पण मुलांचा मातीचा किल्ला काही चुकत नाही. यंदा मात्र त्या कारखान्याची मुख्य कारागीर, माझी कॉलेजात जाणारी भाची, तिथे नव्हती. ती माजघरात तोंड पाडून बसली होती.

“काय गं, काय झालं?”

“मामा, मी लिहिणंच सोडलं.”

प्रकरण असे होते. हरिभाऊ आपट्यांच्या ‘उषःकाल’ने बाईसाहेब अशा झपाटल्या, की कादंबरी संपली तरी त्यातला सावळ्या काही त्यांच्या मनातून जाईना. तेव्हा त्याची पुढची कथा आपणच लिहायची असे ठरले. आवडत्या पात्राला असे पुढे चालवण्याची हौस आजच्या मुलांत पुष्कळ आहे. हिने सावळ्याला थेट आपल्या गावी आणला. साल १६५७. कल्याण-भिवंडी नुकतीच महाराजांच्या ताब्यात आलेली. अष्टमीच्या मध्यरात्री सावळ्या पलीकडून होडीत बसतो, खाडी ओलांडून बाळकुमला उतरतो, आगकाडी ओढून चूड पेटवतो, बटाट्याचा रस्सा खातो आणि समोर ठाण्याचा किल्ला पाहतो!

कथा मोठ्या उत्साहाने घरात वाचली गेली. ऐकता ऐकता आजी हसू लागली. “अगं, अष्टमीच्या मध्यरात्री होडी चालेल कुठे? नुसता चिखल असतो तिथे. तुझा सावळ्या रुतला की!”

खाडीकाठच्या म्हाताऱ्या माणसांचा हिशेब सोपा असतो. तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. आठाची पाऊणपट सहा. सहाला भरती, म्हणजे बाराला ओहोटी. आत खाडीत पाणी थोडे उशिरा चढते, एवढाच काय तो फरक.

“चार जाडजूड इतिहास वाचले, मामा,” भाची म्हणाली, “त्यांत महाराज आहेत, आदिलशहा आहे, औरंगजेब आहे. पण होडीवाला काय खात होता हे कुठेच नाही!”

वाचकहो, तक्रार खरी आहे. पण चूक इतिहासाची नाही, शोधण्याच्या रीतीची आहे. राजाचे चरित्र लिहिणारा होडीवाल्याकडे कशाला बघेल? होडीवाला सापडतो तो कर वसूल करणाऱ्याच्या वहीत, वाटसरूच्या टिपणात आणि सरकारी पत्रात. म्हणजे जिथे त्याच्याविषयी लिहिण्याचा कुणाचा मुद्दाम हेतू नव्हता तिथे!

आम्ही दोघे वही घेऊन ग्रंथालयात गेलो. या बाबतीत आमचा ठाणे जिल्हा भाग्यवान. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचे, तर ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचे. ‘महाराष्ट्र सारस्वत’कार विनायक लक्ष्मण भावे यांच्या पुढाकाराने उभे राहिलेले. तिथे जाताना एक पथ्य पाळावे. “इतिहासाचे पुस्तक द्या” असे म्हणू नये. “खाडीतल्या होड्यांविषयी काही आहे का?” असे विचारावे. प्रश्न जितका बारीक, तितके पुस्तक लवकर सापडते.

पहिला मान ठाणे जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरला. १८८२ साली त्याचे तेरावा व चौदावा हे खंड निघाले. इंग्रजी आहेत, पण शेती, मीठ, मासेमारी, जातीजमाती, गावे – काय नाही त्यांत? मात्र जपून! सावळ्याच्या आणि या ग्रंथाच्या मध्ये सव्वादोनशे वर्षे आहेत. भरती-ओहोटी, खारी जमीन, भातपीक हे त्यातून खुशाल घ्यावे. भाव, रस्ते आणि कपडे घेऊ नयेत. आगगाडी ठाण्यास आली ती १८५३ साली, आणि तिने किती गोष्टी बदलल्या याचा हिशेब नाही.

सावळ्याच्या काळाजवळ जायचे तर डॉक्टर फ्रायर गाठावा. हा इंग्रज १६७५ साली मुंबईहून ठाणे-कल्याणवरून जुन्नरला गेला. त्याचे पुस्तक १६९८ साली छापले गेले. उत्तर कोकणातल्या गावांसाठी आणि कुळांसाठी राजवाड्यांनी १९२४ साली छापलेली ‘महिकावतीची बखर’ चाळावी. आणि पलीकडच्या पक्षाचे म्हणणे हवे तर पिसुर्लेकरांचे ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’.

पलीकडचा पक्ष? भाची इथेच थबकली. साष्टी बेट १५३४ पासून पोर्तुगीजांकडे होते. म्हणजे १६५७ साली बाळकुम पोर्तुगीज मुलखात, समोरचा काठ स्वराज्यात आणि मधली खाडी ही सरहद्द! १६५९ च्या पोर्तुगीज पत्रव्यवहारात महाराज कल्याण-भिवंडीकडे जहाजे बांधत असल्याची काळजीही दिसते. ज्या ठाण्याच्या किल्ल्याकडे सावळ्या टक लावून पाहत होता, तो तर १७३० च्या सुमारास बांधायला घेतला आणि १७३७ साली मराठ्यांनी जिंकला. आज तिथे तुरुंग आहे. आगकाडी निघाली १८२७ साली, इंग्लंडात. बटाटा पोर्तुगीजांबरोबर आला खरा, पण गरिबाच्या पानात पडायला त्याला फार वर्षे लागली.

“म्हणजे सगळंच खोडायचं?”

“अगं, हरिभाऊंनी ‘उषःकाल’ ‘करमणूक’ साप्ताहिकात १८९५ ते १८९७ मध्ये लिहिली. राजवाड्यांच्या साधनांचा पहिला खंडच १८९८ चा. त्यांच्या हाताशी नव्हतं ते आज तुझ्या टेबलावर आहे. आणखी काय हवं?”

ती काही बोलली नाही. परतताना खाडीपाशी थांबली, पाण्याकडे पाहत म्हणाली, “मामा, माझ्या कथेत होडीवाल्याला नावच नव्हतं. सावळ्याला उतरवून तो नाहीसाच होतो. पण पकडला गेला असता तर त्याची होडी गेली असती, पोरंबाळं उपाशी मेली असती. सावळ्या तर निघून जाईल. तो कुठे जाणार?”

त्या होडीवाल्याचे नाव कोणत्याच दप्तरात मिळायचे नाही. ते तिलाच ठेवावे लागेल. पण त्याच्यापुढची खाडी, त्याच्यावरचा राजा आणि त्याचा चिखल मात्र खरा असला पाहिजे. नावाची मोकळीक तेवढ्यानेच मिळते.

भाऊबिजेच्या दिवशी नवी कथा वाचली गेली. अष्टमी तशीच ठेवली होती! ओहोटी लागते, होडी रुतते, आणि होडीवाला कमरेएवढ्या चिखलातून सावळ्याला हात धरून काठावर आणतो. या वेळी आजी हसली नाही. “पुढे त्याचं काय झालं गं?” एवढेच तिने विचारले.

बाहेर किल्ल्यावर पणत्या लागल्या होत्या. वरती महाराज, दाराशी मावळे आणि पायथ्याशी शेतकरी, विहीर, गवळण. मुले पायथा कधी विसरत नाहीत. यंदा तिथे निळ्या कागदाची खाडी होती आणि खाडीत एक होडी.