बदलीचे बिऱ्हाड आणि घरची शाळा

दिल्लीतील मराठी माणूस हा बहुतांशी बदलीचा माणूस. केंद्र सरकारची कार्यालये, सेनादले, सार्वजनिक उपक्रम आणि बँका यांनी त्याला येथे आणले. पहाडगंजातील नूतन मराठी विद्यालयासारख्या संस्थांनी त्याच्या मुलांची सोय पाहिली. आता गुरुग्राम व नोएडा येथील कंपन्यांमुळे पुढची बदली पुष्कळदा सातासमुद्रापार होते. दोन-तीन वर्षांचीच नेमणूक, पण घरात शाळकरी मूल असेल तर बांधाबांध करण्यापूर्वी पहिला प्रश्न उभा राहतो तो त्याच्या शाळेचा.

आखाती देशांत सीबीएसईशी संलग्न शाळा पुष्कळ असल्याने तेथे हा प्रश्न फारसा बिकट नसतो. परंतु एखाद्या दूरच्या प्रकल्पस्थळी नेमणूक झाली, अथवा स्थानिक शाळेची भाषा मुलाला अगदीच अपरिचित असली आणि आंतरराष्ट्रीय शाळेची फी आवाक्याबाहेर गेली, तर काही पालक मुलांना घरीच शिकविण्याचा निर्णय घेतात.

या निर्णयात पहिला शब्द यजमान देशाच्या कायद्याचा असतो. जर्मनीत मुलाने शाळेत जाणे सक्तीचे आहे. घरच्या शिक्षणासाठी तेथील एका कुटुंबाने युरोपीय मानवी हक्क न्यायालयापर्यंत धाव घेतली, पण 2006 मध्ये त्यांची तक्रार तेथेही टिकली नाही. अमेरिकेच्या सर्व 50 राज्यांत घरचे शिक्षण कायदेशीर आहे, मात्र प्रत्येक राज्याचे नियम निराळे. इंग्लंडच्या 1996 च्या कायद्याने शाळेखेरीज अन्य मार्गानेही शिक्षण देण्याची मुभा पालकांना ठेवली आहे. आपल्याकडील 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याचे कलम 10 मुलाला शाळेत घालणे हे पालकांचे कर्तव्य मानते. ते न पाळणाऱ्यास शिक्षा मात्र सांगत नाही.

फिरत्या घराची शाळा ही मराठी माणसाला नवी नाही. 1858 साली जन्मलेल्या पंडिता रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकविले, आणि तीर्थयात्रांच्या पायपिटीत लक्ष्मीबाईंनी ते लेकीच्या स्वाधीन केले. शाळा नाही, फळा नाही, एका गावी मुक्काम नाही. पुढे 1878 मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी रमाबाईंची विद्वत्ता पारखली व त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. आजच्या मुलाची अडचण नेमकी येथेच आहे. त्याला अशी सभा मिळत नाही. परतल्यावर शाळेच्या खिडकीपाशी विचारणा होते ती गुणपत्रिकेची आणि शाळा सोडल्याच्या दाखल्याची.

मूल लहान असेल तर चिंता कमी. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम 4 नुसार शाळेबाहेर राहिलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात घेऊन मागे पडलेल्या विषयांसाठी विशेष प्रशिक्षण द्यावयाचे असते. खरी कसोटी तेरा-चौदाच्या वयात लागते. नववी आणि दहावी हा सीबीएसईच्या लेखी जोडअभ्यासक्रम असल्याने नववी मान्यताप्राप्त शाळेतून न केलेल्या मुलाला थेट दहावीत बसणे अवघड. तीन वर्षे आईवडिलांनी मन लावून शिकविलेले मूल हुशार असूनही नियमांच्या उंबऱ्यावर अडते.

अशा मुलांचे दार दिल्लीच्या अंगणातच आहे. नोएडाच्या सेक्टर 62 मध्ये राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचे, अर्थात एनआयओएसचे मुख्यालय आहे. 1979 मध्ये सीबीएसईचा एक प्रकल्प म्हणून मुक्त विद्यालय सुरू झाले. 1989 मध्ये ती स्वतंत्र संस्था झाली आणि 2002 पासून तिला सध्याचे नाव मिळाले. वयाची 14 वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला तेथे दहावीसाठी नाव नोंदविता येते. आधीची शाळा असलीच पाहिजे असे नाही. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. नोंदणी पाच वर्षे टिकते व त्या अवधीत नऊ संधी मिळतात, म्हणजे सारे विषय एकाच दमात देण्याची सक्ती नाही. आज या बदलीत दोन विषय, पुढच्या सुटीत तीन, अशी विभागणी करता येते. परदेशातील केंद्रे मात्र प्रामुख्याने आखाती देश आणि नेपाळ येथे आहेत. इतरत्र असणाऱ्यांनी परीक्षेसाठी भारतात येण्याचा विमानखर्च आधीच हिशेबात धरावा.

या प्रमाणपत्राविषयी एक जुनी शंका अजूनही ऐकू येते. वैद्यकीय प्रवेशाच्या नियमांनी मुक्त विद्यालयाच्या विद्यार्थ्यांना दीर्घकाळ दूर ठेवले होते, हे खरे. दिल्ली उच्च न्यायालयाने 2018 मध्ये ती अट घटनाबाह्य ठरविली आणि 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयातही मुक्त विद्यालयाचा मार्ग मोकळा झाला. तेव्हा ‘तिकडून डॉक्टर होता येत नाही’ हे वाक्य आता बाद समजावे.

आणखी एक सोय दिल्लीकर मराठी पालकांच्याही लक्षात क्वचित येते. या संस्थेच्या दहावीत मराठी हा भाषाविषय म्हणून घेता येतो. परदेशी घरात आजीशी दूरध्वनीवर बोलण्यापुरती उरलेली मराठी लेखणीवर यावयाची असेल, तर परीक्षेचा धाक कधीकधी उपयोगी पडतो. आमच्या मते मायबोलीसाठी तेवढी सक्ती क्षम्य आहे.

बँकेच्या मासिकात पैशाचा विषय टाळून चालणार नाही. घरी शिकविले म्हणजे फी वाचली, हा हिशेब अर्धवट आहे. बहुतेक घरांत आई नोकरी सोडते किंवा बिनपगारी रजा घेते. तिचा बुडालेला पगार, थांबलेली बढती आणि भविष्यनिर्वाह निधीत न पडलेली भर या रकमा कोणत्याच पावतीवर दिसत नाहीत. त्या कागदावर मांडल्या की महाग वाटणारी शाळा कधीकधी स्वस्त ठरते. नियुक्तिपत्रात शिक्षणभत्ता असल्यास तो केवळ शाळेच्या पावतीवर मिळतो की घरच्या अभ्यासाच्या पुस्तकांवर व शिकवणीवरही, हे सही करण्यापूर्वी विचारून घ्यावे.

निघण्यापूर्वी मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला, मागील दोन वर्षांच्या गुणपत्रिका आणि जन्मदाखला मूळ स्वरूपात हाताशी ठेवावा. परदेशी गेल्यावर घरच्या अभ्यासाची वही दिनांकानिशी ठेवावी: काय शिकविले, कोणती पुस्तके वापरली, कोणत्या चाचण्या घेतल्या. नेमणूक संपण्यास वर्ष उरले असतानाच नोएडाच्या नोंदणीची मुदत पाहून ठेवावी, कारण मुंबई-पुण्याच्या शाळा जूनमध्ये उघडत असल्या तरी दिल्लीतील शैक्षणिक वर्ष एप्रिलमध्येच सुरू होते.