सदृश-अंकीय परिवर्तकाची वाचने आणि प्रत्यक्ष विद्युतदाब : राजापूर परिसरातील उष्णोदकाच्या तापमापनाच्या संदर्भात

राजापूरनजीक उन्हाळे येथील गरम पाण्याचा झरा आणि त्याच परिसरात अधूनमधून प्रकट होणारी गंगा ही श्रद्धेइतकीच भूविज्ञानाच्या कुतूहलाचीही स्थाने होत. गंगेच्या निरनिराळ्या कुंडांतील पाण्याचे तापमान परस्परांशी ताडून पाहणे हा पदवी स्तरावरील प्रकल्पासाठी सहज सुचणारा विषय आहे. मात्र गंगा केव्हा येईल आणि केव्हा जाईल याचा नेम नसतो. त्यामुळे चुकलेले मापन हवे तेव्हा पुन्हा घेता येत नाही.

अशा प्रकल्पात एलएम-३५ हा संवेदक जलरोधक आवरणात बसवून वापरता येतो. प्रत्येक अंश सेल्सिअसमागे तो १० मिलिव्होल्ट दाब देतो. हा दाब सूक्ष्मनियंत्रकातील परिवर्तकाकडे जातो आणि तेथून हाती येतो तो केवळ एक पूर्णांक. तो व्होल्ट नव्हे आणि अंशही नव्हे.

आर्डुइनो उनो या फलकावरील एटीमेगा-३२८पी या सूक्ष्मनियंत्रकाचा परिवर्तक १० बिटांचा आहे. तो संदर्भ दाबाचे १०२४ समान भाग करतो आणि वाचन ० ते १०२३ या दरम्यान येते. म्हणून,

विद्युतदाब = वाचन × संदर्भ दाब ÷ १०२४

भाजक १०२३ घ्यावा की १०२४, यावर पुष्कळ वाद घातला जातो. निर्मात्याच्या माहितीपत्रकातील सूत्रात १०२४ आहे. १०२३ हे सर्वांत मोठे वाचन होय, भागांची संख्या नव्हे. दोहोंतील फरक जेमतेम एक दशांश टक्का भरतो. खरी चूक अन्यत्र होते.

समजा, पाण्याचे तापमान ४२ अंश आहे, म्हणजे दाब ०.४२ व्होल्ट. संदर्भ दाब खरोखरच ५ व्होल्ट असेल तर वाचन ८६ येते आणि सूत्राने ४२.० अंश हे उत्तर मिळते. परंतु संगणकाच्या यूएसबी जोडणीवरून मिळणारा दाब प्रत्यक्षात ४.७५ व्होल्ट असेल, तर तेच पाणी ९० हे वाचन देते. सूत्रात ५ व्होल्ट गृहीत धरल्यास तापमान ४३.९ अंश निघते. दोन कुंडांची मापने वेगवेगळ्या संगणकांवर घेतली असतील, तर असा सुमारे दोन अंशांचा फरक निसर्गाचा म्हणून नोंदला जाण्याची भीती आहे.

शिवाय ५ व्होल्टच्या संदर्भाने एक पायरी ४.८८ मिलिव्होल्टची, म्हणजे जवळजवळ अर्ध्या अंशाची होते. त्याऐवजी नियंत्रकातील १.१ व्होल्टचा अंतर्गत संदर्भ निवडल्यास पायरी १.०७ मिलिव्होल्टची, म्हणजे एक दशांश अंशाहून किंचित मोठी होते व मापनाची मर्यादा ११० अंशांपर्यंत राहते. हा दाब प्रत्येक चिपमध्ये १.० ते १.२ व्होल्ट यांदरम्यान असू शकतो. मात्र एकाच चिपमध्ये तो बराच स्थिर असतो. म्हणून संदर्भ दाबाच्या टोकावर तो मल्टिमीटरने एकदा मोजून तोच आकडा सूत्रात घालावा.

आज्ञावलीतही एक सापळा आहे. या फलकावर पूर्णांक १६ बिटांचा असल्याने ३२७६७ पलीकडची संख्या त्यात मावत नाही. दाब मिलिव्होल्टमध्ये काढण्यासाठी ८६ ला ५००० ने गुणल्यास गुणाकार ओसंडतो आणि १०२४ ने भागल्यावर ४२० ऐवजी उणे २८ असे उत्तर दिसते. गुणण्यापूर्वी ३२ बिटांचा पूर्णांक वा दशांश संख्या योजल्यास हे टळते.

नोंदवहीत अंतिम तापमानाबरोबर कच्चे वाचन व मोजलेला संदर्भ दाबही लिहावा. सूत्रातील चूक पुढे लक्षात आली आणि तोवर गंगा गेलेली असली, तरी त्या दोन आकड्यांवरून तापमान पुन्हा काढता येते.