लाल रंगाचे दोन अर्थ : हॉथॉर्नचे अक्षर आणि मराठी आलवण

कादंबरीतील रंगप्रतीकांचा विचार करताना एक सोयीची पद्धत रूढ झालेली दिसते. तांबडा म्हणजे पाप, काळा म्हणजे अमंगल, हिरवा म्हणजे निसर्ग, अशी कोष्टके सिद्ध करून ती कलाकृतीस लावली जातात. नॅथॅनिएल हॉथॉर्न याची ‘द स्कार्लेट लेटर’ (१८५०) ही अमेरिकन कादंबरी या पद्धतीस सर्वाधिक बळी पडलेली आहे. वस्तुतः रंगाला शब्दकोशातील शब्दाप्रमाणे नेमून दिलेला अर्थ असतो, या समजुतीचे खंडन करण्यास याच कादंबरीइतके चांगले साधन क्वचितच सापडेल.

कथानक सतराव्या शतकातील बोस्टन येथील प्यूरिटन वसाहतीत घडते. व्यभिचाराच्या अपराधाबद्दल हेस्टर प्रिन हिला छातीवर ‘ए’ हे तांबडे अक्षर आजन्म धारण करण्याची शिक्षा होते. करड्या व काळ्या वस्त्रांतील जनसमुदायात हे अक्षर उठून दिसते. त्याची लांच्छनशक्ती तांबडेपणात नाही, तर भोवतालच्या रंगहीनतेशी असलेल्या विरोधात आहे. हेस्टर त्याच अक्षराला सोनेरी धाग्यांनी भरते, पुढे रुग्णांची सेवा करते आणि काही नगरवासी त्या अक्षराचा अर्थ ‘समर्थ’ असा लावू लागतात. आकाशात उल्केच्या प्रकाशाने उमटलेल्या अक्षरात लोकांना देवदूताची खूण दिसते. त्याच अक्षरात पाद्री डिम्सडेल याला स्वतःचे पाप दिसते. हेस्टरची मुलगी पर्ल समुद्री गवताचे हिरवे ‘ए’ करून आपल्या छातीवर लावते. तेथे आकार तोच राहतो आणि रंग बदलतो. परंतु त्यामुळे लांच्छनाचे खेळणे होते. चिन्ह आणि त्याचा अर्थ यांचा संबंध स्वाभाविक नसून व्यवस्थेतील इतर चिन्हांशी असलेल्या भेदावर तो अवलंबून असतो, हा सोस्यूरच्या १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांतील सिद्धान्त येथे कथारूपाने आधीच साकार झालेला आहे.

‘स्कार्लेट’ या शब्दाचा इतिहासही बोलका आहे. मध्ययुगात तो प्रथम रंगाचे नाव नव्हता, तर एका उंची कापडाचे नाव होता. जुन्या मराठी कागदपत्रांत आढळणारा ‘सकलाद’ हा शब्द त्याच कुळातला मानला जातो. मराठी ‘किरमिजी’ आणि इंग्रजी ‘क्रिम्झन’ हे दोन्ही शब्द मात्र अरबी ‘किर्मिझ’ या कीटकनामापासून आले आहेत. म्हणजे जे वस्त्र प्रतिष्ठेचे होते, त्याच्याच रंगाचे अक्षर हॉथॉर्नने अप्रतिष्ठेची खूण म्हणून योजिले.

मराठी समाजात याच रंगाची दुसरी व्यवस्था होती. कुंकू, हळदीकुंकवाची डबी, लग्नातील अक्षता, गुढीपाडव्याच्या पूजेतील कुंकू यांत तांबडा रंग मंगलाचा आहे. तथापि ब्राह्मणादी काही जातींत केशवपन झालेल्या विधवेला जे आलवण नेसावे लागे, तेही पुष्कळदा तांबडेच असे. रंग एकच, मग एक सौभाग्याचे आणि दुसरे वैधव्याचे लक्षण कसे? आलवणाचा अर्थ त्याच्या रंगात नसून त्यासोबत जे नाहीसे झाले त्यात आहे. कपाळावरील कुंकू, हातातील बांगड्या, गळ्यातील काळी पोत आणि मस्तकावरील केस गेल्यावर उरलेला तांबडा रंग म्हणजे वैधव्य.

येथे दोन्ही शिक्षांतील मूलभूत फरक स्पष्ट होतो. हेस्टरला काहीतरी जोडले गेले, म्हणून तिला त्यावर भरतकाम करता आले. मराठी विधवेचे सर्व काही काढून घेतले गेले. नव्या अर्थाला टाका घालण्यास जागाच उरली नाही. हरिभाऊ आपटे यांनी १८९० पासून ‘करमणूक’ या साप्ताहिकात क्रमशः प्रसिद्ध केलेल्या ‘पण लक्षात कोण घेतो!’ या कादंबरीत यमुनेला स्वतःच आपली कहाणी सांगावयास लावले, याचे महत्त्व यातून उमगते. हॉथॉर्नच्या कादंबरीत जनसमुदाय अक्षराचा अर्थ लावतो. आपट्यांच्या कादंबरीत जिच्यावर चिन्ह लादले गेले तीच बोलते. वस्त्रावर जे लिहिता आले नाही, ते निवेदनात लिहिले गेले.

काळ्या रंगाचीही हीच स्थिती आहे. हॉथॉर्नच्या बोस्टनमध्ये काळा हा कठोर धर्मशासनाचा रंग आहे, आणि अखेरीस थडग्याच्या दगडावर काळ्या पार्श्वभूमीवरील तांबडे अक्षरच शिल्लक राहते. शेगावहून आषाढीसाठी पंढरीकडे जाणाऱ्या पालखीतील वारकऱ्यांच्या कपाळी मात्र काळा बुक्का असतो आणि ज्याचे दर्शन घ्यावयाचे तो देव सावळा असतो. त्याच परिसरातील शेतकऱ्याच्या भाषेत पिकाऊ जमीन म्हणजे ‘काळी’ आणि वस्तीची जागा म्हणजे ‘पांढरी’. तेथे काळी ही अन्न देणारी आई आहे. मंगल कार्यात काळे वस्त्र टाळणारी स्त्री संक्रांतीस ते हौसेने नेसते आणि सौभाग्यासाठी काळेच मणी ल्यायते.

बर्लिन व के यांनी १९६९ साली असे मांडले की, भाषांत काळ्या-पांढऱ्यानंतर बहुधा तांबड्यालाच स्वतंत्र नाव मिळते. रंगनामांच्या क्रमात अशी सार्वत्रिकता असू शकेल. पुढील संशोधनाने तिला बऱ्याच मर्यादा घातल्या आहेत. परंतु नामाची सार्वत्रिकता ही अर्थाची सार्वत्रिकता नव्हे.

तात्पर्य, कादंबरीतील रंगापुढे अभ्यासकाने तीन प्रश्न ठेवावेत. हा रंग कोणत्या रंगांच्या विरोधात उभा आहे? तो कोणी लादला अथवा निवडला? आणि कथेच्या ओघात त्याचा अर्थ कोण बदलतो? या प्रश्नांची उत्तरे कोष्टकात मिळत नाहीत. ती त्या समाजात व त्या कथेतच शोधावी लागतात. रंगाचा अर्थ निसर्गदत्त मानला, तर तो माणसांवर लादणारी सत्ताही निसर्गदत्त वाटू लागते. हेस्टरच्या छातीवरील अक्षर आणि मराठी विधवेचे आलवण हे दोन्ही माणसांनीच ठरविलेले होते, आणि म्हणूनच माणसांना ते बदलता आले.