पडक्या भिंतीचे पैसे आणि आयकर

पावसात कवेलू फुटले, मातीची भिंत खचली, पटवाऱ्याने पंचनामा केला, काही महिन्यांनी खात्यात पैसे आले. नरखेड तालुक्यात हे कुणाला नवं नाही. मग पारावर दोन मतं ऐकू येतात. एक म्हणतो, यावर कर बसणार. दुसरा म्हणतो, भरपाईवर कर नसतोच. दोघांचंही अर्धवट आहे. पैसे कुणी दिले आणि कशाबद्दल दिले, यावर सगळं ठरतं.

सरकारी मदतीपुरतं दुसऱ्याचं खरं. आपत्तीबद्दल केंद्र, राज्य किंवा ग्रामपंचायत-नगरपरिषदेकडून व्यक्तीला वा वारसाला मिळालेली भरपाई 1961 च्या आयकर कायद्यातल्या कलम 10(10बीसी) खाली करमुक्त आहे. फक्त त्याच नुकसानीची वजावट आधी घेतली असेल, तर तेवढ्यापुरती सूट जाते. हे कलम 2007 साली आलं. 30 जुलै 1991 ला वर्धा नदीच्या पुराने नरखेड तालुक्यातलं मोवाड उद्ध्वस्त झालं, दोनशेहून अधिक माणसं गेली, तेव्हा हे कलम नव्हतं. रक्कमही पाहा. 2022-23 ते 2025-26 च्या निकषांत सपाट भागातल्या पूर्ण पडलेल्या घराला 1,20,000 रुपये, आणि किमान 15 टक्के पडझड झालेल्या पक्क्या घराला 6,500, कच्च्याला 4,000. चार हजारांत गवंड्याची मजुरी निघाली तरी खूप. त्यावर कराची धास्ती तरी नको.

खरा घोळ विम्याचा. आयुर्विम्याची रक्कम सहसा करमुक्त असते, म्हणून घराच्या विम्यालाही तेच लागू असं अनेकांना वाटतं. तसं नाही. त्याच 1991 साली वानिया सिल्क मिल्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की, वस्तू नष्ट होणं म्हणजे तिचं हस्तांतरण नव्हे, त्यामुळे विम्याच्या पैशावर भांडवली नफ्याचा कर बसत नाही. सरकारने 1999 च्या वित्त कायद्याने ही वाट बुजवली. कलम 45(1ए) नुसार पूर, भूकंप, दंगल, अपघाती आग अशा कारणांनी घराचं नुकसान होऊन विम्याचे पैसे मिळाले, तर ते विक्रीच्या किमतीसारखे धरतात, आणि हिशेब पैसे हाती आले त्या वर्षाचा. मात्र कर साऱ्या रकमेवर नाही, मूळ किंमत वजा जाता उरेल त्यावर. वाडवडिलांच्या घरासाठी 1 एप्रिल 2001 चं बाजारमूल्य घेता येतं. एकच भिंत पडली असेल तर किमतीतला कितवा हिस्सा तिचा, यावर वाद होऊ शकतो. तिथे सीएची फी वाया जात नाही.

शेजाऱ्याने पाया खणला, आपल्या भिंतीला तडा गेला, आणि चार माणसांत बसून त्याने दुरुस्तीचा खर्च दिला, तर ती रक्कम सहसा उत्पन्न नसते. पण प्रकरण कोर्टात जाऊन वर व्याज मिळालं, तर ते व्याज करपात्र. त्यातली निम्मी वजावट मिळते. बुडालेल्या भाड्याची भरपाई हेही उत्पन्नच.

(1 एप्रिल 2026 पासून 2025 चा नवा आयकर कायदा लागू आहे, त्यात कलमांचे आकडे बदलले आहेत.)

सर्वात कमी लोकांना माहीत असलेली बाब वर्गणीची. घर पडल्यावर मित्रमंडळी पैसे गोळा करून देतात. नातेवाइकांचे आणि आयकर खात्याकडे नोंदलेल्या धर्मादाय संस्थेचे पैसे सुटतात. बाकीच्यांकडून वर्षभरात मिळून 50,000 पर्यंत आले तर काही नाही. एक रुपया जरी वर गेला, तर वरचा रुपयाच नव्हे, सगळीच रक्कम उत्पन्नात धरतात, घर पुरात गेलेलं असलं तरी.