खिडकीच्या दोन बाजू

अमेरिकेंतील मोठ्या शहरांत पहाटें साडेपांच-सहाच्या सुमारास कांहीं ठराविक इमारतींपुढें रांग लागलेली दिसते. त्या रांगेंत कामावर वेळेवर पोंचण्याच्या घाईंत असलेला गवंडी असतो, मुलाला कडेवर घेतलेली आई असते, पांढऱ्या केसांचा एखादा वृद्धहि असतो. आंत एक खिडकी असते. खिडकीपलीकडची परिचारिका नांव विचारते, मोजून ठेवलेलें औषध पुढें करते आणि तें गिळल्यावर रुग्णाला दोन शब्द बोलावयास लावते. औषध तोंडांत राखून बाहेर नेलें जात नाहीं, एवढी खात्री तिला करून घ्यावयाची असते. हें सारें दोन मिनिटांत आटोपतें. परंतु हेरॉइनसारख्या अफूजन्य द्रव्यांच्या व्यसनावरील उपचाराचें यशापयश पुष्कळ अंशीं या दोन मिनिटांवर अवलंबून असतें.

या औषधाचें नांव मेथाडोन. दुसऱ्या महायुद्धाच्या थोडें आधीं जर्मनींत वेदनाशामक म्हणून तें प्रथम तयार झालें. व्यसनाच्या उपचारांत त्याला मानाचें स्थान मिळालें तें न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्यें, १९६४ सालीं. डॉ. व्हिन्सेंट डोल, डॉ. मेरी निस्वांडर व डॉ. मेरी जीन क्रीक या तिघांनीं तो प्रयोग केला. व्यसनी मनुष्याला गुन्हेगार न समजतां रुग्ण समजावें, असें प्रतिपादन निस्वांडर बाईंनीं १९५६ सालींच एका पुस्तकांत केलें होतें. त्या काळीं अमेरिकेंत व्यसनी माणसाला त्याची तलफ भागविण्यासाठीं अफूजन्य औषध लिहून देणारा डॉक्टर स्वतःच कायद्याच्या कचाट्यांत सांपडण्याची धास्ती असे, हें लक्षांत घेतलें म्हणजे त्यांच्या धैर्याची कल्पना येईल.

प्रारंभीं रुग्णांना मॉर्फीन देऊन पाहिलें. त्याचा अंमल कांहीं तासांतच ओसरत असल्यामुळें ते दिवसभर सुस्त बसून पुढील सुईची वाट पाहत. मेथाडोनची एक मात्रा मात्र सुमारें चोवीस तास पुरते. झिंग येत नाहीं आणि अंग मोडून येणें, थंडी वाजणें, पोटांत कळा हीं लक्षणेंहि उठत नाहींत. तें चालू होतांच एक रुग्ण चित्रें काढूं लागला, दुसऱ्यानें अर्धवट राहिलेलें शिक्षण पुरें करण्याची इच्छा दर्शविली. १९६५ सालीं बावीस रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. पुढें कार्य वाढलें तेव्हां उपचारानें स्थिरावलेल्या रुग्णांपैकीं कांहींना कर्मचारी म्हणूनहि घेण्यांत आलें. नव्या रुग्णाला जो धीर या माणसांच्या दर्शनानें येई, तो वैद्यकीय उपदेशानें येणें कठीणच होतें.

हा जिव्हाळा फार दिवस टिकला नाहीं. १९७२ सालीं अमेरिकन सरकारनें या उपचारासाठीं स्वतंत्र व कडक नियम केले. त्यामागील भीति अगदींच निराधार नव्हती. मेथाडोन बाहेर विकलें जाऊं शकतें. आणि ज्याला संवय नाहीं अशा माणसाचा, विशेषतः लहान मुलाचा, एका मात्रेनें प्राणहि जाऊं शकतो. म्हणूनच घरीं दिलेली बाटली कुलुपाच्या पेटींत ठेवण्याचा दंडक आहे. परंतु नियम वाढत गेले तसतशी परिचारिका व सल्लागार यांना, मनांत नसतांहि, पहारेकऱ्याची भूमिका घ्यावी लागली.

२००१ सालच्या नियमांचें उदाहरण पाहण्यासारखें आहे. पहिल्या नव्वद दिवसांत रुग्णाला आठवड्यास एकच मात्रा घरीं नेतां येई. एका महिन्याचें औषध एकदम मिळण्यास दोन वर्षें निर्वेध जावीं लागत. वर्षांतून निदान आठ वेळां लघवीची तपासणी होई, आणि कित्येक ठिकाणीं ती दुसऱ्याच्या डोळ्यांदेखत द्यावी लागे. तपासणींत हेरॉइन आढळलें कीं लघवी ‘मळकी’ ठरे. मधुमेह्याच्या लघवींत साखर सांपडली म्हणून तिला कोणी मळकी म्हणत नाहीं!

खरी कुचंबणा सल्लागाराच्या खोलींत होते. रुग्णानें मन मोकळें करावें, पाय घसरला तर तो निःसंकोच सांगावा, ही उपचाराची अपेक्षा. पण तेंच सांगितल्यावर घरच्या बाटल्या बंद होणार, पुन्हां रोजची रांग नशिबीं येणार आणि कदाचित् नोकरीहि जाणार. अशा स्थितींत खरें बोलणें हा तोट्याचा व्यवहार होतो, व रुग्ण गप्प राहण्यास शिकतो. या औषधाला रुग्ण ‘पातळ बेड्या’ म्हणतात, तें उगीच नव्हे.

दुसरी बाजूहि पाहिली पाहिजे. सल्लागाराकडे रुग्ण पुष्कळ, वेतन बेताचें आणि कागदपत्रांचा ढीग मोठा. रुग्णाच्या संतापाचा पहिला मारा खिडकीवरच्या परिचारिकेवर होतो. नियम तिनें केलेला नसतो. शिवाय कर्मचाऱ्यांतच कांहींची अशी श्रद्धा असते कीं सर्व औषधें सुटल्याखेरीज व्यसन सुटलेंच नाहीं. असा सल्लागार भल्या हेतूनेंच मात्रा कमी करण्याचा आग्रह धरतो. डोल व निस्वांडर यांनीं १९७६ सालीं दहा वर्षांचा आढावा घेतला, तेव्हां या नियमांच्या जंजाळावर कठोर टीका केली होती.

भांडण, गैरहजेरी किंवा वारंवार ‘मळकी’ तपासणी यांमुळें रुग्णाला काढून टाकणें ही या संबंधांतील शेवटची पायरी. तिचें मोल काय आहे, हें २०१७ सालीं बीएमजे या ब्रिटिश नियतकालिकांतील संकलनावरून दिसतें. मेथाडोन घेणाऱ्या हजार रुग्णांमागें वर्षाला सुमारें अकरा मृत्यू होत होते. उपचार सुटलेल्यांत तोच आंकडा छत्तीसावर जात होता. उपचार सुटल्यावरचे पहिले चार आठवडे तर अधिकच घातक. खिडकीवर उडालेला खटका इतका महाग पडूं शकतो.

मार्च २०२० मध्यें कोविडच्या सांथीमुळें रांगा लावणेंच धोक्याचें झालें. तेव्हां स्थिर रुग्णांस अठ्ठावीस व इतरांस चौदा दिवसांपर्यंतचें औषध घरीं देण्याची मुभा सरकारनें दिली. अनेकांनीं अनर्थाचें भाकीत केलें; परंतु व्यसनद्रव्यांच्या अतिसेवनानें झालेल्या एकूण मृत्यूंत मेथाडोनचा वांटा वाढला नाहीं. २०२४ सालीं ही सवलत कायम झाली. नव्या नियमानुसार एक महिन्याच्या उपचारानंतर अठ्ठावीस दिवसांचें औषध देतां येतें, आणि उपचाराचा निर्णय रुग्णाशीं विचारविनिमय करून घ्यावा असेंहि त्यांत आहे. मात्र ‘देतां येतें’ म्हणजे ‘दिलेंच पाहिजे’ असें नव्हे. देणें न देणें चिकित्सालयाच्या डॉक्टराच्या हातीं आहे, राज्याराज्यांचे नियमहि निराळे आहेत. आणि ज्या ठिकाणीं जुन्या संशयाची संवय सुटलेली नाहीं, तेथें पहाटेची रांग अजूनहि तशीच उभी असते.